लाजऱ्या माणसांचा जलसा

इंग्रज माणूस भावना उघड्यावर मांडत नाही, असं म्हणतात. असं म्हणणाऱ्यांनी त्याला शनिवारी रात्री सव्वानऊच्या सुमाराला लीड्सच्या ब्रुडनेल सोशल क्लबमध्ये पाहिलेलं नसतं. वय अठ्ठावन्नच्या आसपास. आठवडाभर हा गृहस्थ नगरपालिकेच्या रस्तेदुरुस्ती खात्यात बसतो, नाहीतर शाळेत भूगोल शिकवतो. आत्ता अंगात काळा टी-शर्ट, पोटावर जरा ताणलेला, आणि त्यावर कधीच्या काळी मोडलेल्या एका बँडचं नाव. डोळे मिटून, मान वर करून तो एकोणीस वर्षांच्या पोराचं दुःख घसा फोडून गातोय. तिनं पत्राला उत्तर दिलं नाही, बसस्टॉपवर ती भलत्याबरोबरच दिसली, आणि वर पाऊस. शेजारी त्याची बायको उभी आहे, तीही गातेय. म्हणजे पत्राला उत्तर पुढे कधीतरी आलं असणार. पण दुःख काही त्यानं टाकून दिलेलं नाही.

मी कामानिमित्त या गावात आले आणि ऑफिसातल्या एका मैत्रिणीमुळे या मंडळींत ओढली गेले. ती हिशेबखात्यात आहे. एका वाक्यात दोनदा ‘सॉरी’ म्हणणारी बाई. तिच्याकडे सात-इंची रेकॉर्डींनी भरलेली एक अख्खी भिंत आहे हे मला फार उशिरा कळलं, कारण तिनं ते सांगितलंच नव्हतं. ही माणसं सांगत नाहीत. त्यांना विचारावं लागतं. एकदा विचारलं की मग मात्र शेवटची बस चुकते.

तर ही मंडळी ऐंशीच्या दशकातल्या ‘इंडी’ बँडांची. ब्रिटनमध्ये जानेवारी १९८० पासून या रेकॉर्डींची वेगळी क्रमवारी छापून यायला लागली. तिच्यात शिरायला सुरावटीची अट नव्हती. अट एकच, की रेकॉर्ड मोठ्या कंपनीच्या वितरणातून दुकानात आलेली नसावी. म्हणजे मुळात हा मामला टेम्पो कुणाचा, एवढाच होता. पुढे हळूहळू त्याचा एक सूर ठरत गेला. किणकिणणारी गिटार, किंचित खाली उतरलेला आवाज, आणि समोरच्याला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हटलेले शब्द. तिकडे थॅचरबाईंचं राज्य, गिरण्या-गोद्या बंद, बेकारी वाढलेली. बेकारभत्त्यावर पोट कसंबसं भरायचं आणि वेळ मात्र रग्गड असायचा. बर्केनहेडच्या ‘हाफ मॅन हाफ बिस्किट’नं तर १९८५ सालच्या आपल्या पहिल्या अल्बमच्या नावातच भत्ता देणारं सरकारी खातं घातलं.

या बँडची एक गोष्ट मला इतक्या जणांनी सांगितली आहे की आता मीच ती नवख्यांना सांगते. चॅनल फोरवर ‘द ट्यूब’ नावाचा कार्यक्रम होता, शुक्रवारी संध्याकाळी, न्यूकॅसलहून थेट. त्यावर एकदा झळकलं की नशीब उघडायचं. त्यांनी हाफ मॅन हाफ बिस्किटला बोलावलं. यांनी नाही म्हणून कळवलं. कारण त्याच संध्याकाळी त्यांच्या गावच्या ट्रॅनमियर रोव्हर्सची मॅच होती. हा संघ तेव्हा चौथ्या विभागात कुठेतरी धडपडत होता. बरं, मॅच काही निर्णायक वगैरे नव्हती. साधी, शुक्रवारची मॅच. ही गोष्ट सांगताना चाहत्याच्या चेहऱ्यावर जे तेज येतं ते मी एरवी फक्त आपल्याकडे गावच्या पैलवानानं दिल्लीवाल्याला चितपट केल्याची हकीकत सांगणाऱ्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे. फरक एवढाच, की इथे कुस्तीला जायचंच नाकारलेलं असतं.

माझा असा समज झाला आहे की या प्रेमाचं मूळ या नकारातच आहे. जो बँड प्रचंड मोठा होतो तो चाहत्याच्या हातून निसटतो. स्टेडियमात शिरला की त्याला कोण आलं नि कोण गेलं काही कळत नाही. हे बँड मोठे झालेच नाहीत. काहींना जमलं नाही, काहींनी होऊ दिलं नाही, आणि काहींच्या बाबतीत या दोन्हींतलं नेमकं काय खरं यावर अजून पबमध्ये वाद चालतात. बर्मिंगहॅमच्या ‘फेल्ट’चा गायक लॉरेन्स, याला प्रसिद्धीची फार हौस होती. ती मिळाली नाही. पण दहा वर्षांत दहा अल्बम आणि दहा सिंगल काढायचे आणि दशक संपलं की दुकान बंद, असा बेत त्यानं तडीस नेला. आकडा पुरा झाला, बँड संपला. नोकरदार माणसाला हा हिशेब भारी आवडतो.

ब्रिस्टलच्या ‘सारा रेकॉर्ड्स’नं तर कहर केला. क्लेअर वॉड आणि मॅट हेन्स या दोघांनी १९८७ मध्ये ही कंपनी सुरू केली. कंपनी म्हणायचं ते कागदोपत्री; घरातच सगळा कारभार. पाकिटं चिकटवणं, पत्ते लिहिणं, आलेल्या पत्रांना हातानं उत्तरं देणं. प्रत्येक प्रकाशनाला क्रमांक. पन्नासावा क्रमांक आला तेव्हा त्यांनी रेकॉर्ड काढायची सोडून कागदावरचा खेळ काढला, ‘मोनोपॉली’च्या धर्तीवर ‘सारोपॉली’. आणि १९९५ मध्ये शंभरावा क्रमांक निघाल्यावर संगीताच्या साप्ताहिकांत जाहिरात देऊन, सगळं नीट चालू असताना, कंपनी बंद केली. ब्रिस्टलच्या बंदरात नांगरलेल्या ‘थेकला’ या बोटीवर निरोपाची पार्टी झाली. तिथे होतो म्हणणारे आजवर मला इतके भेटले आहेत की ती बोट बुडाली कशी नाही याचंच नवल वाटतं.

या सगळ्याचा खरा रस्ता पोस्टातून जायचा, हे तरुणांना पटवून द्यावं लागतं. झेरॉक्सवर काढलेली, स्टेपल मारलेली चोपडी असायची. तिला ‘फॅनझिन’ म्हणत. तिच्याबरोबर पत्रिकेइतकी लवचीक, पातळ रेकॉर्ड फुकट यायची. मागवायला पोस्टल ऑर्डर आणि स्वतःचा पत्ता लिहिलेलं पाकीट पाठवायचं. पाकिटावरच्या तिकिटाला आधीच साबणाचा हात फिरवलेला असे, म्हणजे पोस्टाचा शिक्का तिकिटावर न बसता साबणावर बसे आणि ओल्या बोळ्यानं पुसून तेच तिकीट पुन्हा वापरता येई. चिठ्ठीच्या शेवटी आग्रह असायचा, तिकीट परत पाठव. राणीच्या टपालखात्याचं यात किती नुकसान झालं याची नोंद कुठे नसावी. माझी मैत्रीण हा उद्योग करायची. आज ती दुसऱ्यांचे दोन-दोन पेन्सचे खर्च लाल शाईनं परत पाठवते.

आणि रात्री रेडिओ. बीबीसीच्या रेडिओ वनवर १९६७ पासून २००४ मध्ये मरेपर्यंत जॉन पील नावाचा माणूस बोलत होता. त्याच्याकडे कुणीही कॅसेट पाठवावी. आवडली तर तो बीबीसीच्या मेडा व्हेल स्टुडिओत बोलावून चार गाणी रेकॉर्ड करून घ्यायचा. कधीकधी रेकॉर्ड चुकीच्या वेगानं लावायचा, मग तेही सांगून टाकायचा. पांघरुणाखाली ट्रान्झिस्टर घेऊन बोट रेकॉर्डच्या बटणावर ठेवून बसलेली ही पिढी. त्यांच्या कॅसेटींत गाण्याच्या शेपटाला पीलचं अर्धं वाक्य अडकलेलं असतं. पुढे तेच गाणं सीडीवर स्वच्छ ऐकलं की त्यांना चुकल्यासारखं होतं, शेवटी पील बोलत नाही म्हणून.

‘एनएमई’ या संगीत-साप्ताहिकानं १९८६ मध्ये बावीस बँडांची एक कॅसेट काढली, ‘सी-८६’. पोस्टानं मागवायची. तिच्यातल्या बऱ्याच बँडांना त्या नावाचा पुढे मनस्वी कंटाळा आला, कारण कुठेही गेलं तरी ओळख तीच. चाहत्यांनी मात्र नाव धरून ठेवलं. त्या बावीसांपैकी प्रायमल स्क्रीम फार मोठे झाले, म्हणून त्यांच्याविषयी इथे कुणी फारसं बोलत नाही.

त्या वेळच्या टीकाकारांनी या बँडांतल्या मुलामुलींची खूप टर उडवली. गिटार धड येत नाही, टोपीचं अनोरक जाकीट घालतात, केसांत क्लिपा लावतात, शाळकरी वाटतात. मुलींच्या वाट्याला तर ही टवाळी जास्तच आली. ऑक्सफर्डला १९८६ मध्ये दोन मुली भेटल्या. दोघींच्या कोटावर ग्लासगोच्या ‘पेस्टल्स’ या बँडचा बिल्ला होता, एवढ्याच ओळखीवर ‘तलुला गॉश’ हा बँड निघाला. दोनेक वर्षं चालला. त्यातली अमेलिया फ्लेचर अर्थशास्त्र शिकली, ब्रिटिश सरकारच्या ‘ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंग’ची मुख्य अर्थशास्त्रज्ञ झाली, प्राध्यापक झाली आणि या सबंध काळात एकामागून एक बँड काढतच राहिली. दुसरी एलिझाबेथ प्राइस. तिला २०१२ मध्ये टर्नर पारितोषिक मिळालं; ब्रिटनच्या चित्रकला-शिल्पकलेत त्याहून गाजणारं बक्षीस नाही. गिटार धड येत नाही म्हणून हसणाऱ्या समीक्षकांचं पुढे काय झालं, ते मी शोधलेलं नाही.

फ्लेचरबाईंचा पुढचा बँड ‘हेवनली’. त्यात ड्रम्स वाजवणारा त्यांचा भाऊ १९९६ मध्ये वारला आणि बँड थांबला. तो बँड २०२३ मध्ये लंडनच्या बुश हॉलमध्ये पुन्हा उभा राहिला.

आता प्रत्यक्ष कार्यक्रमाचं. साठीला टेकलेल्या लोकांच्या गिगला जायचं एक शास्त्र झालं आहे. पूर्वी आठला जायचं ठरवून दहाला पोचत. आता दुपारीच वेळापत्रकाची चौकशी सुरू होते. दारं सात, पहिला बँड पावणेआठ, मुख्य बँड नऊ, आणि शनिवार असेल तर बऱ्याच ठिकाणी दहाला सगळं खलास, कारण त्यानंतर तिथे पोरांचा डिस्को असतो. हे ‘दहाला खलास’ ऐकल्यावर रांगेत जे समाधान पसरतं ते बघण्यासारखं असतं. खांबाजवळची जागा आधी भरते, टेकता येतं म्हणून. मग ध्वनियंत्रणेच्या टेबलामागची, कारण आवाज तिथे सर्वांत चांगला लागतो असं प्रत्येक जण प्रत्येकाला सांगतो. कानांत बोळे. उडी मारायची नाही असं घरून ठरवून आलेलं असतं; तिसऱ्या गाण्याला मारली जाते आणि चौथ्या गाण्याला गुडघा धरून खांबाकडे परतायचं. कुणी पडलंच तर सहा जण उचलायला धावतात आणि सहाही जण ‘सॉरी’ म्हणतात.

या गर्दीत माझ्या रंगाची माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. सुरुवातीला एकदोघांनी अत्यंत अदबीनं विचारलं, की तुम्हाला शेजारच्या हॉलमधल्या लग्नाला जायचं आहे का. मी म्हटलं, नाही, वेडिंग प्रेझेंटलाच आले आहे. हा विनोद मी मुद्दाम केला नव्हता, पण तेव्हापासून माझी त्या गटात सोय झाली.

वेडिंग प्रेझेंट हा इथला घरचा बँड. १९८५ मध्ये लीड्समध्ये निघाला. डेव्हिड गेज सोडला तर त्यातलं कुणीही आता पहिलं नाही. १९८७ च्या पहिल्या अल्बमवर फुटबॉलपटू जॉर्ज बेस्टचा फोटो, आणि नावही तेच. १९९२ मध्ये त्यांनी दर महिन्याला एक अशी बारा सिंगल काढली आणि बाराही पहिल्या तिसांत गेली. एका वर्षात तितकी करणारा त्याआधी एल्विस प्रेस्ली. चाहत्यांना या आकड्याचा अभिमान आहे, पण बारापैकी एकही पहिल्या क्रमांकावर गेलं नाही याचा त्याहून जास्त. गेज कार्यक्रमाआधी आणि नंतर टी-शर्टांच्या टेबलामागे स्वतः उभा असतो. लोक रांग लावून त्याच्याकडे जातात, आणि इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं सांगायची वेळ आली की विचारतात, ‘यात एक्सएल आहे का?’

आणि हा बँड ‘एन्कोर’ देत नाही. ठरवूनच. शेवटचं गाणं आलं की तसं सांगतात, वाजवतात, जातात. दिवे लागतात. पहिल्यांदा मला हे पचेना. ज्या मुलखातून मी आले तिथे वन्समोअर हा प्रेक्षकाचा हक्क. संगीत नाटकांच्या जमान्यात बालगंधर्वांच्या पदांना इतके वन्समोअर पडत की नाटक रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत लांबे, कथानक तिथेच वाट बघत उभं. आजोबांच्या पिढीनं नाटक किती रंगलं ते वन्समोअर मोजून सांगितलं. कुणी तो देत नाही म्हणजे माजोरीच की! पण इथल्या नेहमीच्या एन्कोरचा प्रकार मी पुढे पाहिला. गायक ‘गुड नाइट’ म्हणून आत जातो, पडद्याआड पाणी पितो, आपण बाहेर टाळ्या वाजवतो, तो परत येणार हे त्यालाही ठाऊक, आपल्यालाही ठाऊक, दिवेवाल्याला तर लिहूनच दिलेलं. बालगंधर्वांचा वन्समोअर मागितल्याशिवाय मिळत नव्हता, आणि काय मागितलं जाईल ते आधी ठरलेलं नव्हतं. तेव्हा गेज करतो ते बरोबर आहे, असं माझं आता मत झालं आहे. खरा वन्समोअर देता येत नसेल तर खोटा देऊ नये.

सगळंच हसण्यावारी नेता येत नाही. ग्लासगोत १९८० च्या सुमाराला अ‍ॅलन हॉर्न नावाच्या तरुणानं आपल्या फ्लॅटमधून ‘पोस्टकार्ड’ ही रेकॉर्ड कंपनी चालवली. तिचा पहिला बँड ‘ऑरेंज ज्यूस’, गायक एडविन कॉलिन्स. फेब्रुवारी २००५ मध्ये कॉलिन्सना मेंदूत रक्तस्राव झाला, दोनदा. वाचा गेली, उजवी बाजू लुळी पडली. सुरुवातीला त्यांच्या तोंडी चारच गोष्टी उरल्या होत्या. हो, नाही, बायकोचं नाव ‘ग्रेस मॅक्सवेल’ आणि ‘शक्यता अमर्याद आहेत’ हे एक वाक्य. हे वाक्य कुठून आलं ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. डाव्या हातानं ते पक्ष्यांची चित्रं काढायला लागले. २००७ मध्ये पुन्हा रंगमंचावर आले. बसून गातात, गिटार दुसरे वाजवतात. बोलताना शब्द अडतो, गाताना अडत नाही. अशा कार्यक्रमात प्रेक्षक काय करतात? ओळ अडलीच तर ती पुरी करायला अख्खा हॉल दबा धरून बसलेला असतो, आणि ती अडली नाही की सगळे एकदम श्वास सोडतात. तरुणपणी ज्याचे शब्द पाठ केले, ते असे उपयोगी पडतील हे कुणाच्या मनात आलं असेल?

आईला फोनवर मी हे सांगत असते. ती सांगलीला. तिचा प्रश्न ठरलेला.

“अगं पण बसायला देत नाहीत?”

“नाही गं, उभ्यानंच ऐकायचं.”

“साठीची माणसं उभ्यानं? सतरंजी तरी घालावी.”

मग तिला पटेल असा धागा मी शोधला. हल या गावी ‘हाउसमार्टिन्स’ नावाचा बँड होता. स्वतःला ते हलमधला चौथ्या क्रमांकाचा बँड म्हणवत. १९८६ च्या डिसेंबरात त्यांचं एक गाणं देशात पहिलं आलं आणि १९८८ मध्ये बँड मोडला. त्यातला बेस वाजवणारा नॉर्मन कुक पुढे ‘फॅटबॉय स्लिम’ झाला. आणि वुल्व्हरहॅम्प्टनच्या पंजाबी घरातल्या तजिंदर सिंगच्या ‘कॉर्नरशॉप’ बँडचं ‘ब्रिमफुल ऑफ आशा’ हे गाणं याच कुकनं नव्यानं मिसळून दिलं, तेव्हा १९९८ मध्ये ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. त्यातली आशा म्हणजे आशा भोसले.

“आपल्या आशाबाई? सांगलीच्या?”

“त्याच.”

“मग आधी नाही का सांगायचं,” आई म्हणाली, आणि त्या दिवसापासून माझं उभ्यानं गाणं ऐकणं तिच्या लेखी घरंदाज झालं.

हाउसमार्टिन्सचा गायक पॉल हीटन साठ वर्षांचा झाला २०२२ मध्ये. त्यानं देशभरातल्या साठ पबमध्ये पैसे ठेवून दिले, की येईल त्यानं माझ्या नावानं एकेक घ्यावी. आपल्या वाढदिवसाला गायकच चाहत्यांना पाजतो, असं उलटं गणित या मंडळींतच जमतं. गायक आणि श्रोता यांच्यामध्ये इथे फार उंच ओटा कधी नव्हताच. बिल्ला लावून पहिल्या रांगेत उभी असलेली पोरं पुढच्या महिन्यात स्वतःच वर दिसायची.

प्रेम आंधळं असतं म्हणतात, हे तितकंसं नाही. ‘द स्मिथ्स’ १९८७ मध्ये मोडले आणि पुन्हा कधीही एकत्र आले नाहीत. त्यांचा गायक मॉरिसी, याच्या राजकीय मतांवरून किती घरांत रेकॉर्डी माळ्यावर गेल्या आणि किती घरांत त्या गुपचूप खाली आल्या! कॉर्नरशॉपनं तर १९९२ मध्येच त्याचं पोस्टर जाहीरपणे जाळलं होतं. माझी मैत्रीण त्याची गाणी ऐकते, मुलाखती वाचत नाही. हाही एक मार्ग आहे.

आणि हो, या आठवणींचा धंदाही झाला आहे, ते मला नावडतं. ज्या गाण्यांनी मोठ्या कंपन्यांना दारात उभं केलं नाही तीच गाणी आता तीन रंगांच्या रेकॉर्डींत, जाड पुस्तिकेसह, पेटीत बसून येतात. आमची हिशेबनीस तिन्ही रंग घेते. वर सांगते, ‘पोस्टानं मागवली.’

त्या मानानं डर्बीशरच्या बटरलीतला ‘इंडीट्रॅक्स’ हा मेळा फार निरागस होता. जुन्या आगगाड्या जपणाऱ्या हौशी मंडळींच्या रेल्वेवर तो २००७ ते २०१९ या काळात दर उन्हाळ्यात भरायचा. इंजिनाच्या शेडमध्ये एक मंच, पत्र्याच्या छोट्या चर्चमध्ये दुसरा, आणि काही बँड धावत्या गाडीच्या डब्यात वाजवायचे. एका बाजूला वाफेच्या इंजिनाचे भक्त, दुसऱ्या बाजूला विसरलेल्या बँडांचे. थोड्या वेळानं कोण कुठला ते ओळखू यायचं नाही. वह्या दोघांच्याही हातात. महामारीच्या वर्षी तो होऊ शकला नाही आणि मग कायमचाच थांबला. ज्यांना मोठं काही हवं असेल त्यांच्यासाठी माइनहेडला, समुद्रकाठच्या बटलिन्सच्या सुटी-छावणीत, नोव्हेंबरात ‘शाइन ऑन’ भरतो, २०१५ पासून. तीन दिवस, राहायला खोल्या, पोहण्याचा तलाव, आणि खोलीपासून मंचापर्यंत पाच मिनिटं चालत. गुडघ्यांचा विचार केलेला असतो.

तुम्ही कधी लीड्स, ग्लासगो, ब्रिस्टल, कुठेही आलात तर एक तिकीट काढाच. नाव ऐकलेलं नसलं तर उत्तम, शेजारचा माणूस सांगेल. फक्त तुम्ही विचारायला हवं. कानांत बोळे घाला, खांब धरा, टी-शर्ट एक माप मोठा घ्या. आणि वेडिंग प्रेझेंट असेल तर शेवटचं गाणं झाल्यावर टाळ्या वाजवत उभे राहू नका. ते येत नाहीत. तेवढ्यात बस मिळते.